उजेडाचा चारा

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघाले की वाटेत ओरत्तनाडु लागते. दोन्ही बाजूंना भाताची शेते, दावणीला गुरे, आणि गावात रामेश्वराच्या वाटसरूंसाठी तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले मुक्तांबाळ छत्र. समुद्र येथून दिसत नाही. पाल्कच्या उपसागराचा किनारा पट्टुकोट्टैच्याही पलीकडे आहे. प्रवाळाविषयीच्या लेखाचा आरंभ या गावापासून व्हावा, याला कारण आहे. ओरत्तनाडूत २०१२ पासून तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. आजारी गाय तपासताना कोणताही जाणता पशुवैद्य जो प्रश्न आधी विचारतो, तोच प्रवाळाच्या बाबतीतही बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो. तो प्रश्न असा : गेल्या काही दिवसांत चारा बदलला का?

गाय पेंढा खाते, पण पेंढा पचवते ती गाय नव्हे. तिच्या कोटीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदतात. ते पेंढ्यातील तंतू फोडतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर, शिवाय खुद्द त्या सूक्ष्मजीवांवर, गाय जगते. अशा गाईला सणाच्या कौतुकाने एकाएकी पाटीभर शिजवलेला भात घातला, किंवा पोळ्याला बैलापुढे पुरणपोळ्यांची चळत ठेवली, तर पोटातील वस्तीचा तोल ढळतो. पिष्ट आंबवणारे जीवाणू बेसुमार वाढतात, आम्ल साचते, रवंथ थांबतो आणि धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत आडवे होते. अन्नात विष नव्हते. तेच धान्य थोडे थोडे वाढवत पंधरवड्याच्या बेताने दिले असते, तर आतल्या वस्तीने स्वतःला जुळवून घेतले असते. घात अन्नाने केला नाही, घाईने केला.

प्रवाळ हाही प्राणीच आहे आणि त्याचीही गुजराण भाडेकरूंवर चालते. त्याच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. अनेक प्रवाळांच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग या मार्गाने भागतो. प्रवाळाचा तपकिरी रंगही मुख्यतः या शैवालाचा असतो, कारण त्याचे स्वतःचे मांस जवळजवळ पारदर्शक आणि त्याखालचा सांगाडा पांढराशुभ्र चुन्याचा. म्हणून प्रवाळाच्या दृष्टीने उजेड म्हणजे शोभा नव्हे, चारा आहे. ज्याने दिवा बदलला त्याने दावणीतील वैरण बदलली.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती प्रवाळ पाळणाऱ्यांच्या काचेच्या टाकीत. भारतीय समुद्रातील खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ते काढून घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशांत मात्र हा छंद मोठा आहे. गेल्या दीड दशकात तेथील असंख्य टाक्यांवरचे मेटल हॅलाइडचे दिवे आणि टी-५ नळ्या उतरवून त्यांच्या जागी एलईडी आले. वीज कमी लागते, पाणी कमी तापते, रंग हवा तसा जुळवता येतो. बदलाची कारणे रास्त होती. पुढची हकीगत मात्र ठिकठिकाणी एकसारखी घडली. दिवा बदलून दोन-तीन आठवडे होतात आणि प्रवाळाच्या माथ्यावरचा रंग उडू लागतो. टाकीचा धनी पाणी तपासतो. क्षारता ठीक, तापमान ठीक, मासे मजेत. तो पाणी बदलतो, औषधे घालतो, गाळणी बदलतो, आणि आधीच थकलेल्या जीवावर बदलांची रास रचतो. दिव्यावर त्याचा संशय जात नाही, कारण नवा दिवा त्याच्या डोळ्यांना जुन्यापेक्षा मंदच वाटत असतो.

चूक येथे डोळ्याची आहे, आणि ती डोळ्याच्या घडणीतच आहे. माणसाचा डोळा दिवसा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वाधिक दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला त्याची दाद त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी असते. लक्समापक याच मानवी दादीवर बेतलेला असतो, त्यामुळे तोही डोळ्याचीच साक्ष देतो. शैवालाचा हिशेब वेगळा आहे. प्रकाशसंश्लेषणात मोजले जातात ते प्रकाशकण, आणि त्या शैवालाची रंगद्रव्ये नेमका निळा उजेड आवडीने टिपतात. गणित साधे आहे. शुद्ध हिरव्या आणि शुद्ध निळ्या अशा दोन दिव्यांची तेजस्विता डोळ्याला सारखी वाटावी अशी योजना केली, तर निळ्या दिव्यातून सुमारे वीस पट प्रकाशकण बाहेर पडत असतात. प्रत्यक्षातील दिवे मिश्र रंगांचे असल्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो, पण दिशा हीच असते. माणसाला जी शांत निळी सांज वाटते, ती प्रवाळाला भर दुपार असू शकते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. जुने दिवे झिजत जातात. वर्ष-दीड वर्ष चाललेली नळी नव्या नळीइतका उजेड देत नाही आणि प्रवाळ नकळत त्या उतरत्या उजेडाला सरावलेला असतो. शिवाय नळ्यांचा उजेड चहूकडून पसरत येतो, तर भिंग बसवलेल्या एलईडीचा झोत एका जागी एकवटतो. मग एकाच वसाहतीचा माथा भाजतो आणि बगल अंधारात राहते. जो फिकेपणा माथ्यावरून सुरू होतो आणि सावलीकडच्या बाजूला रंग शाबूत ठेवतो, तो बहुधा अति उजेडाचा. उलट प्रवाळ गडद तपकिरी होऊ लागला आणि त्याच्या फांद्या बारीक होऊन दिव्याकडे झेपावू लागल्या, तर उजेड अपुरा पडतो आहे असे समजावे. निळा उजेड आणखी एक फसवणूक करतो. प्रवाळातील काही प्रथिने त्या उजेडात हिरवी-केशरी चमकतात. त्या झगमगाटात शैवाल गमावलेला प्रवाळही देखणा दिसतो आणि पांढरा दिवा लावल्यावरच त्याची खरी अवस्था कळते.

आत काय घडते, तेही कोटीपोटाच्या गोष्टीशी जुळणारे आहे. शैवालातील प्रकाश टिपणारी यंत्रणा काम करताना सतत मोडते आणि सतत दुरुस्त होते. तिच्यातील एक प्रथिन तर दिवसभर तुटत आणि नव्याने घडत असते. जास्तीचा उजेड उष्णतेच्या रूपाने उधळून टाकण्याची सोयही तेथे आहे. परंतु प्रकाशकण या दोन्ही सोयींच्या आवाक्याबाहेर येऊ लागले की मोडतोड दुरुस्तीच्या पुढे धावते. वाया जाणारी ऊर्जा ऑक्सिजनवर पडते, त्याची दाहक रूपे तयार होतात, आणि जे शैवाल कालपर्यंत अन्न पुरवत होते तेच यजमानाला पोळू लागते. प्रवाळ ते गमावतो, बरेचदा स्वतःच बाहेर टाकतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. उजेड उतरला आणि थोडा अवधी मिळाला तर वस्ती पुन्हा वसू शकते. अवधी मिळाला नाही तर भूक त्याला संपवते.

म्हणून टाकीपुरता उपाय अगदी शेतकरी शहाणपणाचा आहे. जुना दिवा उतरवण्याआधी प्रत्येक प्रवाळाच्या जागी पाण्याखाली प्रकाशकणांचे मोजमाप करावे. हे मोजमाप दर चौरस मीटरला दर सेकंदास किती मायक्रोमोल असे सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्ये इतके प्रकाशकण, आणि उष्णकटिबंधातील भर दुपारच्या उन्हात पाण्याच्या पृष्ठभागावर असे सुमारे २००० मायक्रोमोल पडतात. नवा दिवा जुन्या आकड्याहून किंचित खालीच सुरू करावा आणि काही आठवड्यांत चढवत न्यावा. मापक नसेल तर दिव्याखाली जाळीचे थर लावून ते एकेक काढत जावे. त्या काळात दुसरे काहीही बदलू नये. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये, कारण उपाशी शैवालाला उजेड अधिक बाधतो. आणि नोंद ठेवावी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि सोबत उपचाराची हकीगत. दर आठवड्याला एकाच पांढऱ्या उजेडात काढलेले छायाचित्र आणि त्याखाली लिहिलेला आकडा, एवढे केले तरी फिकेपणा संशयाच्या पातळीवर असतानाच पकडता येतो.

एवढे सारे केवळ छंदापुरते असते, तर ते छंदिष्टांवर सोपवून देता आले असते. पण १५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळाचे व्यापक विरंजन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. २०२३ च्या आरंभापासून मार्च २०२५ पर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकेल इतका उष्णतेचा ताण सोसावा लागला. या बातम्यांत तापमानाचा आकडा असतो, उजेडाचा नसतो. वास्तविक दोघे एकत्रच काम करतात. पाणी तापले की शैवालाची उजेड हाताळण्याची आणि मोडतोड दुरुस्त करण्याची ताकद घटते. मग सूर्य तोच, खोली तीच, तरीही नेहमीचा उजेड अति होतो. टाकीत दिवा बदलतो. समुद्रात दिवा तोच राहतो आणि तो सोसण्याची शक्ती बदलते. परिणाम एकच. १९९८ च्या उष्ण वर्षात फ्रेंच पॉलिनेशियातील सोसायटी बेटांजवळचे प्रवाळ अपेक्षेहून बरे तगले, आणि तेव्हा तेथे आभाळ ढगाळलेले होते, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ढगांनी तेथे जाळीचे काम केले.

उष्णतेचा हिशेबही काळाशी बांधलेला असतो. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी एक अंश अधिक तापलेले असे एक आठवडा राहिले, की एक अंश-आठवडा होतो. असे चार साचले की लक्षणीय विरंजन संभवते, आठ साचले की मोठ्या प्रमाणावर मृत्यू. म्हणजे येथेही प्रश्न किती इतकाच नाही, किती काळ आणि किती वेगाने, हाही आहे.

ओरत्तनाडूला जवळचा समुद्र आहे तो सागरी गवताचा. तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सप्टेंबर २०२२ मध्ये ड्यूगाँगसाठी राखीव झाले, कारण हा प्राणी त्या गवतावर जगतो आणि ते गवतही उजेडावर. आणखी दक्षिणेला मंडपम-रामेश्वराकडे प्रवाळ सुरू होतो आणि पुढे मन्नारच्या आखातातील २१ बेटांभोवती पसरतो. तेथे २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत मोठे विरंजन झाले. त्या किनाऱ्यावर आता सिमेंटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून नवी लागवड करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मुंबईतही किनारा मार्गाच्या कामाआधी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळाच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने दुसऱ्या खडकांवर हलवल्या गेल्या. गढूळ पाण्याला सरावलेला जीव स्वच्छ, उथळ पाण्यात नेऊन ठेवणे म्हणजे रातोरात दिवा बदलणेच होय. अशा प्रत्येक कामात नव्या जागेची खोली, गढूळपणा आणि तेथे पोहोचणारे प्रकाशकण जुन्या जागेशी जुळतात का, हे पाहणे हा उपचाराचा पहिला भाग ठरतो.

टाकीच्या धन्याजवळ एक बटण असते. चूक ध्यानात आली की तो दिवा निम्म्यावर आणू शकतो आणि प्रवाळाला हवे तेवढे आठवडे देऊ शकतो. समुद्राजवळ असे बटण नाही. सांडपाणी, गाळ आणि खरवडून नेणारी मासेमारी ही ओझी मात्र किनाऱ्यावरच्या माणसांना उतरवता येतात, आणि तेवढी उतरली तर उन्हाळा सोसून पुन्हा रंग धरायला प्रवाळाच्या अंगात थोडे बळ उरते. हवा तापवणारा वायू कमी करणे हे त्याहून मोठे काम आहे. त्यातून प्रवाळाला मिळेल तो काही नवा उपाय नसेल. जुळवून घेण्यासाठी लागणारा वेळ तेवढा त्याला मिळेल.