बावीसशे वर्षांचा पाट

चीनला कामासाठी जाऊन आलो म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो खाण्याचा. भात मिळाला, पालेभाजी मिळाली, उपाशी राहिलो नाही. तेव्हा ते राहू द्या. पंपांचे सुटे भाग पाहायला आम्ही तिघे सेचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरी दहा दिवस होतो. शेवटचा दिवस मोकळा मिळाला. बाकीचे दोघे बाजारात गेले. मी मात्र आमच्या दुभाषी मुलीला घेऊन दुजियांगयानला गेलो. चेंगदूपासून साधारण साठ किलोमीटर.

डोंगरातून उतरलेली मिन नदी तिथे मैदानात शिरते. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने तिथून शेतीला पाणी काढले. तुम्हाला वाटेल, मोठे धरण बांधले असेल. तसे नाही. त्याने नदी अडवली नाही, वाटून दिली. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध आहे. तिथे नदीचे दोन फाटे होतात. नदीच्या वळणामुळे वरचे निवळ पाणी शेतीच्या फाट्याकडे वळते आणि तळची वाळू बहुतेक दुसऱ्या फाट्याने निघून जाते. पुढे एक ठेंगणा सांडवा आहे. पाणी जास्त झाले की ते वाळूसकट त्यावरून परत नदीत जाते. उरलेले पाणी डोंगर फोडून केलेल्या वीसेक मीटरच्या खिंडीतून पाटांत शिरते. त्या काळी सुरुंगाची दारू कुठली? खडकावर जाळ करायचा, तो तापला की गार पाणी ओतायचे, म्हणजे खडक तडकायचा, असे सांगतात.

बांधही पक्का नव्हता. बांबू चिरून लांबलचक कणग्या विणायच्या, त्यांत गोटे भरायचे आणि रचायच्या. त्या कुजणार, वाहून जाणार, हे धरूनच चालायचे. म्हणून दर हिवाळ्यात पाणी उतरले की ओंडक्यांच्या तिपायी घोड्या लावून एकेक फाटा बंद करत आणि गाळ उपसत. किती खोल? तर तळाशी लोखंडी कांब पुरून ठेवलेली. ती लागेपर्यंत खणायचे. कमी खणले तर पाटाला पाणी अपुरे पडणार, जास्त खणले तर प्रमाणाबाहेर आत येणार. गाळ खोल काढा, सांडवा ठेंगणाच ठेवा, असा नियम तिथे दगडावर कोरला आहे. मला त्यातला दुसरा भाग जास्त अवघड वाटतो. चार बोटे सांडवा उचलला की यंदा पाणी वाढेल, हा मोह कोणाला होत नाही?

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा-मोसमकाठची फडपद्धत ज्यांनी पाहिली, त्यांना हे नवे वाटणार नाही. तिथेही बंधारा साधाच, पण पाटकरी नेमलेला आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचे ठरलेले.

आता तिथे सारे जुनेच आहे असे समजू नका. वरच्या अंगाला २००६ साली मोठे धरण झाले. कणग्यांच्या जागी सिमेंट आले, गाळ यंत्रे काढतात. २००८ च्या भूकंपात माशाच्या तोंडाला तडे गेले, ते बुजवले. पाणी आजही साडेसहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीला जाते.

दुभाषी मुलीचे आजोबा तरुणपणी अंथरूण आणि टोपली घेऊन गाळ काढायला येत. गावागावांतून माणसे येत, थंडीत गुडघाभर चिखलात उभी राहत. “आता बोलावले तरी कोण येईल?” ती म्हणाली. मार्च महिना होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखे पिवळे पीक फुलले होते आणि बांधाबांधाने पाणी खेळत होते. आमच्या गावच्या पाटाच्या टेलला पाणी शेवटचे कधी पोचले, असे तिने मला विचारले असते तर काय सांगितले असते, कोण जाणे. तिने विचारले नाही.