बारामहालचा वायदा

आनेकल हे नाव माझ्या डोक्यात एका घोड्यामुळे बसलं. कर्नल मार्क विल्क्स हा म्हैसूर दरबारातला इंग्रज रेसिडेंट. त्याच्या दक्षिणेच्या इतिहासाचा पहिला खंड १८१० साली निघाला आणि त्यात हैदर अलीच्या पळण्याची हकीकत आहे. ऑगस्ट १७६० मध्ये हैदरचाच कारभारी खंडेराव उलटला. हैदर श्रीरंगपट्टणहून रात्री कावेरी ओलांडून निसटला तो थेट आनेकलच्या किल्ल्यात आला. तिथे त्याचा मेहुणा इस्माईल अली होता. त्याला पुढे पाठवून बंगळूरचा किल्लेदार कबीर बेग आपलाच आहे याची खात्री करून घेतली आणि मग हैदर बंगळुरात शिरला. विल्क्सचा हिशेब असा: वीस तासांत ९८ मैल, त्यातले पहिले ७५ एकाच घोड्यावर. म्हणजे तो घोडा आनेकललाच थांबला असणार. पुढे त्याचं काय झालं हे कुठेच लिहिलेलं नाही.

धाकट्या बहिणीचं बिऱ्हाड बंगळूरजवळच्या चंदापूरला हललं, तेव्हा फोनवर ती सहज म्हणाली, "ताई, आमचा तालुका आनेकल." मी त्याच आठवड्यात उद्यान एक्स्प्रेसची तिकिटं काढली.

बहिणीकडे तिच्या सासूबाई आलेल्या, म्हणून मी आणि माझी लेक आनेकल गावातल्या एका लॉजवर उतरलो. गरम पाणी सकाळी सहा ते सात. सहाला विचारलं तर अजून तापायचं असे, सातला विचारलं तर संपलेलं. गाव मात्र मला आवडलं. इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी हे सगळं याच तालुक्यात, पण आयटीचा तो लोंढा गावाच्या वेशीपाशी जरा दम खातो. तिम्मरायस्वामीचं देऊळ आहे, गल्ल्यांतून मागांचा आवाज येतो. किल्ला दाखवायला एक गृहस्थ आपणहून बरोबर आले आणि दिसेल तो दगड टिपूचा म्हणून सांगू लागले. दगडी बांध टिपूचा, विहीर टिपूची, पलीकडचा चिंचेचा वृक्षही टिपूचाच. हैदरचं नाव काढलं तर म्हणाले, "ते त्याचे वडील." तेवढं बरोबर होतं.

मुत्याला मडुवू हा इथला प्रसिद्ध धबधबा. जानेवारीत त्यात पाणी ते किती असणार? पाहिला, फोटो काढले, वर आलो.

माझं विल्क्सशी खरं भांडण आहे ते त्याच्या कौतुकाच्या जागेबद्दल. घोड्याचे मैल तो मोजतो, पण हैदर बायकामुलांना श्रीरंगपट्टणात शत्रूच्या हातात टाकून निघाला, हे ओघात येतं आणि जातं. टिपूला तेव्हा दहावं वर्ष चालू होतं. खंडेरावाने त्या कुटुंबाला माणुसकीने वागवलं. पुढच्या वर्षी डाव फिरला. राजवाड्यातून खंडेरावासाठी रदबदली झाली, तेव्हा हैदरने शब्द दिला की त्याला पोपटासारखं जपेन. आणि मग त्याला लोखंडी पिंजऱ्यात घालून दूधभात चारला. शब्द पाळण्याची ही त्याची तऱ्हा.

दुसरा शब्द त्याने आपल्याला, म्हणजे मराठ्यांना दिला होता. त्या धामधुमीत विसाजी कृष्ण बिनीवाले फौज घेऊन याच मुलखात होते. हैदरने त्यांना रोकड आणि बारामहाल, म्हणजे पठाराखालचा बारा डोंगरी किल्ल्यांचा मुलूख, देऊ केला, आणि बिनीवाले आश्चर्य वाटावं इतक्या घाईने परत फिरले. कारण उत्तरेत होतं: जानेवारी १७६१, पानिपत. रोकड मिळाली, बारामहाल कधीच मिळाला नाही. विल्क्सच्या हकिकतीत यात हैदरची हुशारी दिसते. मला वाटतं, बिनीवाल्यांना वायद्याची किंमत पुरती ठाऊक होती. घर पेटलेलं असताना दूरच्या बारा डोंगरी किल्ल्यांचं करायचं काय? रोख घ्यावं आणि निघावं.

तर तो न मिळालेला बारामहाल पाहायचा, असं मी ठरवलं. पठाराच्या कडेला, खाली बारामहालात उतरणाऱ्या वाटेवर रायकोट्टैचा डोंगरी किल्ला आहे. जुलै १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेतल्या मेजर गाउडीने तो टिपूकडून घेतला, आणि पुढल्या वर्षीच्या तहात सगळा बारामहाल कंपनीच्या पदरात पडला. आनेकल रोड स्टेशनवरून सेलमकडे जाणारा रेल्वेमार्ग होसूर ओलांडून रायकोट्टैला जातो. प्रजासत्ताक दिन सोमवारी आला होता, मुलांना सुटी. माझी आठ वर्षांची लेक, सहा वर्षांचा भाचा, मेहुणा आणि मी. बहीण म्हणाली, "सहा वर्षांच्या पोराला गडावर? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" डब्यात दशम्या मात्र तिनेच भरून दिल्या.

आपल्या सह्याद्रीची सवय इथे अर्धीच कामाला येते. आपला काळा कातळ झिजून घसारा होतो, पाय ठेवावा तिथून खडी निघते. इथला ग्रॅनाइट अखंड आणि खरखरीत, कोरडा असेल तर बूट चिकटून बसतो. पण त्याला धरायला काही नाही, आणि दहा वाजले की तापतो. त्यामुळे चढ सकाळीच उरकायचा. चढताना मूल पुढे, मोठं माणूस लगेच मागे. उतरताना मोठ्याने खाली राहायचं आणि पोराने खुशाल बसून घसरत यायचं. चड्डीची आशा सोडायची.

मुलं दमत नाहीत, कंटाळतात. पायऱ्यांची रांग लागली की भाचा बसकण मारी; कपारीतून हातापायांनी चढायचं आलं की पहिला. म्हणून पायऱ्यांवर मी हैदर सांगत गेले आणि अवघड जागी गप्प राहिले. विल्क्सचे ९८ मैल तिथे मला फारच उपरे वाटू लागले. इतिहासातली माणसं पुस्तकात घोड्यावरून जातात. त्यांच्या मागे कुठेतरी कुणीतरी एका पोराला "अजून थोडंच" म्हणत ओढत असणार. पानिपतावर बायकामुलं नेली म्हणून भाऊसाहेबांना आपण अडीचशे वर्षं बोल लावतो. हैदरने नेली नाहीत, तर तो चपळ ठरला.

"मग टिपू रडला का?" लेकीने विचारलं.

मेहुणा म्हणाला, "वाघ होता तो."

"तेव्हा नव्हता," ती म्हणाली.

वरच्या टप्प्याच्या अलीकडे भाचा ठाम बसला. वर पोचलास तर उद्या बन्नेरघट्ट्याला सफारी, असं मी सांगून टाकलं. तो काही उठेना. बारामहालची गोष्ट त्याने नीट ऐकली होती. "आधी दे."

"सफारी आधी कशी देणार, बाळा?"

"मग चिक्की आधी दे."

अख्खं पाकीट मोजून घेऊन तो उठला. बिनीवाल्यांनीही नेमकं हेच केलं, असं मी मनातल्या मनात विल्क्सला सुनावलं.

वर पडक्या भिंती आहेत, पाणी साठलेल्या जागा आहेत आणि वारा. दक्षिणेला जमीन एकदम खाली जाते आणि ठिपक्याठिपक्यांनी डोंगर सुरू होतात. त्यातले निम्मे तरी किल्लेच असावेत अशी माझी समजूत मी करून घेतली. दुपारी खाली उतरून कृष्णगिरीला बसने जायचा बेत होता. दशम्या खाल्ल्या आणि तो विषय कुणी काढलाच नाही. मुलांनी दोन भिंतींमध्ये राज्य मांडलं होतं, मेहुणा टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला होता, आणि मला तिथून हलवण्याची ताकद कुठल्याच बेतात नव्हती. कातळ तापल्यावर नाइलाजाने उतरलो. गाडी चुकली, बसने होसूर, तिथून अत्तिबेले, मग आनेकल.

बसमध्ये मेहुण्याने हळूच सांगितलं, "ताई, बन्नेरघट्ट्याचं उद्यान मंगळवारी बंद असतं." बुधवारी माझी परतीची गाडी होती. भाच्याने ते ऐकलं. तेव्हापासून घरात माझं नाव हैदरमावशी आहे, आणि फोनवर सफारीचा विषय निघाला की तो आधी विचारतो, रोख किती.