माझ्या वाट्याची प्रार्थना

माझे वडील पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निजाम स्टेट रेल्वेत त्यांची नोकरी सुरू झाली, आणि 1951 साली ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली तेव्हा खात्याचे नाव, शिक्के आणि दफ्तर बदलले. परंतु शेडचा धूर आणि आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना या दोहोंत तिळमात्र फरक पडला नाही. प्रार्थनेवर अंमल आजीचा. आजी जालन्याजवळच्या बेथेलची. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या त्या ख्रिस्ती वस्तीत ती लहानाची मोठी झाली होती, आणि दिवा लागला की शास्त्रातला एक अध्याय, एक भजन व मग वडीलधाऱ्यांच्या क्रमाने प्रार्थना हा तिथला परिपाठ तिने रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्येही अखंड चालविला होता.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, कितीतरी वचने मला मुखोद्गत होती, आणि बाहेरगावचे पाळकसाहेब पॅसेंजरने आले की त्यांच्यापुढे मी ती अस्खलित म्हणून दाखवीत असे. तरीही येशू मला आजीचा वाटे. तिच्या पितळी कड्यांच्या पेटीप्रमाणे तिच्या मालकीचा, आणि तिच्या रजेशिवाय आपण ज्याला हात लावू नये असा. आजी, बाबा यांच्या प्रार्थना होत. आई मात्र कधीच मोठ्याने बोलत नसे, आणि मुलांकडे तर केवळ ‘आमेन’ म्हणण्याचे काम.

शेजारच्या काकू गंगाखेडच्या. जनाबाईच्या गावची म्हणून त्यांना मोठा अभिमान, आणि दुपारी निवडटिपण करताना, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या त्या दासीच्या जात्याला पंढरीच्या विठ्ठलाने स्वतः हात कसा लावला, हे त्या इतक्या तन्मयतेने सांगत की जणू तो काल रात्रीच त्यांच्या माहेरी येऊन गेला असावा. ती कथा ऐकून माझ्या मनाला विलक्षण रुखरुख लागली. एके दिवशी मी आजीला सरळ विचारले, “आजी, आपला येशू येतो का गं असा कुणाच्या घरी काम करायला?”

आजी रागावली नाही. काकूंच्या देवाला तिने नावे ठेवली नाहीत, ही गोष्ट मी आजही कृतज्ञतेने स्मरते. कारण दुसऱ्याच्या भक्तीचा उपमर्द करून दिलेले उत्तर माझ्या त्या वयालाही उणे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, “संध्याकाळी वाचू, माय.”

1957 सालचा दुःखसप्ताह होता. बाबा शेडमधून परतले, आणि रोजच्याप्रमाणे मोरीत लोट्याने त्यांच्या पायांवर पाणी घालण्याचे काम मी केले. कोळशाची पूड आणि इंजिनाचे तेल यांनी माखलेले ते पाय. टाचांच्या भेगांत शिरलेली काजळी साबणालाही दाद देत नसे. पुढे प्रार्थनेला आजीने योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय काढला. प्रभू भोजनावरून उठला, त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसले. पेत्र नको नको म्हणत राहिला. आणि जो काही घटकांतच त्याला धरून देणार होता तो यहूदाही त्याच पंक्तीत बसलेला होता. हा अध्याय मी पूर्वी ऐकला नव्हता असे नाही. पण पाय म्हणजे काय हे नुकतेच पाहून आलेल्या मला त्या संध्याकाळी तो प्रथमच ऐकू आला. यहूदाच्या भेगांतली काजळीही त्याने अशीच काढली असेल काय, या विचाराने मला हुंदका आवरेना.

रात्री सारे निजल्यावर मी मोरीशी जाऊन बसले आणि पाठ नसलेल्या शब्दांत त्याच्याशी बोलले. “तू पाय धू, मी पाणी घालते, आणि माझेही धू,” एवढेच काय ते शब्द. त्यावर कसलाही प्रकाश पडला नाही, वाणी झाली नाही. मात्र तो आता आजीच्या परवानगीने भेटणारा पाहुणा राहिला नव्हता, याविषयी मला तेव्हा शंका वाटली नाही आणि नंतर आयुष्यात पुष्कळ शंका आल्या तरी एवढ्या गोष्टीविषयी कधी आली नाही.

सकाळी मी आजीला सांगितले. बाबांना मात्र संशय. एवढ्याशा पोरीला काय कळणार, ती आजीचे पाहून करते, असे त्यांचे म्हणणे. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न रीतसर मांडला गेला. त्यांनी माझ्याकडून वचने म्हणवून न घेता मोरीवरची हकीकत शांतपणे ऐकली, आणि बाबांना पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. त्या विदुषीचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे 1883 साली झाला, चिमुकल्या मनोरमेसह. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त लाभायला आणखी आठ वर्षे जावी लागली, असे पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवले. “बाईंसारख्या शास्त्रज्ञ स्त्रीला जे उशिरा मिळालं ते पोरीला लवकर मिळालं, तर आपण का अडवावं?” असे ते म्हणाले. दृढीकरण यथाकाल, धर्मशिक्षण झाल्यावर होईल असे ठरले, व तसे ते झालेही. लहान मुलाचा विश्वास म्हणजे निव्वळ अनुकरण, असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. अनुकरण त्यात असतेच, पण बोलायला तरी मूल दुसरे कशाने शिकते?

आजीने त्याच संध्याकाळी प्रार्थनेत बाबांच्या पाठोपाठ माझी पाळी लावली.

या साऱ्याचा सर्वांत खोल परिणाम आईवर झाला, हे मला फार उशिरा उमगले. तिचे माहेर ख्रिस्ती नव्हते. लग्नाच्या वेळी तिने बाप्तिस्मा घेतला म्हणून तिच्या वडिलांनी तिच्याशी संबंध तोडले होते, आणि बेथेलच्या सासूपुढे आपली गावंढळ प्रार्थना तोंडातून काढण्याचा धीर तिला कधी झाला नव्हता. माझी पाळी सुरू झाल्यानंतर एकदा चुलीपाशी तिने विचारले, “तू काय म्हणतेस गं त्याला? अवघड शब्द लागत नाहीत?” मी नाही म्हणाले. पुढे पावसाळा लागला त्या सुमारास, माझी प्रार्थना संपल्यावर आजी ‘आमेन’ म्हणणार तोच आई बोलू लागली. तिने आम्हा सर्वांना नावानिशी प्रभूच्या हाती सोपविले, आणि शेवटी, घरात ज्यांचा उच्चार कोणी करीत नसे त्या आपल्या वडिलांचे नाव घेतले.