तिकिटांच्या वहीत लेबलाला जागा आहे काय?

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात टपाल तिकिटांच्या वह्या आहेत. त्या वह्यांवरून गेल्या वर्षभरात शिक्षककक्षात एक वाद रंगला आहे. हल्ली पोस्टाच्या खिडकीवर पत्र दिले की यंत्रातून एक पांढरी पट्टी छापून निघते आणि तिकिटाच्या जागी पाकिटावर डकवली जाते. काही विद्यार्थी ही लेबले जमवू लागले आहेत. ती तिकिटांच्या शेजारी ठेवावीत काय? काही सहकाऱ्यांच्या मते तो निव्वळ कचरा आहे; ना चित्र, ना रंग, ना दातेरी कडा. आम्ही इतिहास शिकवतो, त्यामुळे आमचे मत निराळे पडले आणि तेच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याची इच्छा आहे.

तिकिटांचे मोल आम्हांस मुळीच कमी वाटत नाही. आंबेडकरी समाजाला तर ते कमी वाटूच शकत नाही. २४ मे १९५६ रोजी २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २ आणे आणि १४ आणे किमतीची दोन तिकिटे काढली. त्याच दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबर महिन्यात आपण बौद्ध धम्माचा स्वीकार करणार असल्याचे जाहीर केले. बोधिवृक्षाचे ते २ आण्यांचे तिकीट वर्गात दाखवून हा योग सांगितला की मुलांच्या ध्यानात तारीख कायमची राहते. पुढे १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट निघाले, १९७३ मध्ये २० पैशांचे आणि १९९१ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त १ रुपयाचे. जुन्या पिढीतील कित्येकांनी ही तिकिटे पाकिटावरून सोडवून बुद्धवंदनेच्या पुस्तकात जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. टपालाचा काळा शिक्का नेमका बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पडला की माणसे हळहळत!

तिकिटांच्या तारखाही पुष्कळ बोलतात. महात्मा फुले १८९० मध्ये गेले. त्यांचे तिकीट निघाले १९७७ मध्ये, म्हणजे ८७ वर्षांनी. सावित्रीबाई १८९७ मध्ये गेल्या. त्यांचे तिकीट १९९८ चे. राजर्षी शाहू महाराजांचे १९७९ चे. राज्यसंस्थेने कोणाचा गौरव केला आणि किती उशिरा केला, हे तिकिटांची वही उलगडून दाखवते.

परंतु पत्र कोणत्या वाडीवरच्या कोणत्या घरी गेले, हे तिकीट सांगत नाही. ते सांगण्याचे काम शिक्क्याचे होते आणि शिक्का बहुधा अर्धा उमटलेला, शाई पसरलेला असे. शिवाय संग्राहकांची जुनी रीत अशी की पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट सोडवून वाळवायचे आणि कागद फेकून द्यायचा. तिकीट स्वच्छ राहिले, पण गावाचे नाव पाण्याबरोबर गेले.

आता लेबलाकडे पाहू. त्यावर पोस्टाचे नाव व पिनकोड असतो, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, वजन, रक्कम, तारीख आणि घड्याळातील वेळसुद्धा असते. शिवाय १३ अक्षरांचा क्रमांक असतो: आरंभी २ इंग्रजी अक्षरे, मध्ये ९ अंक, शेवटी भारताची खूण म्हणून 'आयएन'. पहिले अक्षर 'आर' असेल तर ते रजिस्टर पोस्ट, 'ई' असेल तर स्पीड पोस्ट. नऊपैकी शेवटचा अंक हा पडताळ्याचा. आधीच्या ८ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणून बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि बाकी ११ मधून वजा करावी म्हणजे तो अंक मिळतो. (१० आल्यास ०, ११ आल्यास ५ धरतात.) आठवीच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हा 'आर' अक्षराचे देशांतर्गत लेबल आता इतिहासजमा झाले आहे.

या पट्टीचे खरे मोल मात्र आम्हांस एका माजी विद्यार्थ्यामुळे कळले. त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, तो येथल्या वसतिगृहात वाढलेला. एका कार्यालयाकडून त्याला मुलाखतीचे पत्र आले. जावक क्रमांकाशेजारी ४ तारीख लिहिलेली, मुलाखत २१ ची आणि पत्र हाती पडले २३ ला. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, पत्र वेळेवर पाठवले होते, उमेदवारच आला नाही. त्याच्या आईला अक्षरओळख नाही. पण सरकारी कागद आहे म्हणून तिने पाकीटही टाकले नव्हते, पेटीत घालून ठेवले होते. त्यावरील लेबलावर १९ तारीख आणि दुपारची वेळ स्वच्छ छापलेली होती. अर्जासोबत त्याची छायाप्रत जोडली. त्याला पुन्हा बोलावणे आले आणि आज तो नोकरीत आहे. तेथे सुंदर चित्राचे तिकीट आणि पुसट शिक्का असता तर काय झाले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या जिल्ह्याच्या अभ्यासालाही ही लेबले उपयोगी पडतात. शहराचा पिनकोड ४१४००१, श्रीरामपूरचा ४१३७०९, संगमनेरचा ४२२६०५, कोपरगावचा ४२३६०१. एकच जिल्हा, पण पहिले ३ अंक चार प्रकारचे! महसुलाची हद्द आणि टपालाची वाट एकच नसते, हे शिकवायला याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे तिकीट १९९६ मध्येच निघाले होते. पण 'अहमदनगर' या नावाने येथून रोज किती आणि कसली पत्रे जात होती, याची साक्ष त्याआधीची लेबलेच देतील.

युरोपात अशा छापील लेबलांना संग्राहकांनी केव्हाच मान्यता दिली आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७६ मध्ये फ्रामा कंपनीची यंत्रे बसली, जर्मनीत १९८१ मध्ये तशीच लेबले सुरू झाली आणि त्यांच्या सूचीही निघाल्या. मात्र तेथे नाणे टाकून कोरे लेबल विकत घेता येते. आपल्याकडे पत्रावाचून लेबल निघत नाही. प्रत्येक लेबल एकाच पत्राचे, एकाच माणसाचे. त्याची दुसरी प्रत नाही, अदलाबदल नाही, म्हणून बाजारात किंमतही नाही. पैशांसाठी संग्रह करणाऱ्याने याच्या वाटेस जाऊ नये. शिष्यवृत्तीकडे डोळा असणाऱ्यांनी तिकिटेच जमवावीत: टपाल खात्याची २०१७ पासूनची दीनदयाळ स्पर्श योजना सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहकांना वर्षाला ६००० रुपये देते आणि आपल्या मुलांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणून आज ती ग्रंथरूपाने आपल्या हाती आहेत. आपल्या घरांत मात्र पत्र ठेवण्याची सोयच नव्हती. कुडाचे घर, गळके छप्पर आणि दर हंगामाला स्थलांतर. पत्र आले, कोणाकडून तरी वाचून घेतले आणि कागद चुलीत गेला. आपल्या माणसांना टपाल कधी, कोठून आणि कशासाठी येत होते, याचा संग्रह कोणत्याच दप्तरात नाही. जातवैधता प्रमाणपत्राचे पाकीट, शिष्यवृत्तीचे, पहिल्या नेमणुकीचे, न्यायालयाच्या नोटिशीचे, ही पाकिटे तो इतिहास आहेत आणि लेबल हा त्यांचा जन्मदाखला आहे.

तेव्हा आमचे मत असे की लेबल तिकिटांच्या वहीत चिकटवू नये. त्याचा वेगळा विभाग करावा आणि अखंड पाकीट ठेवावे. लेबल सोलून काढले की त्याचा अर्थ गेला. काही लेबलांवरची छपाई दोन-चार वर्षांत फिकी पडते, म्हणून छायाप्रत त्याच दिवशी काढून सोबत ठेवावी. लॅमिनेशन अजिबात करू नये. उष्णतेने छापलेला कागद त्या यंत्रात काळाठिक्कर पडतो. प्रदर्शनात मांडताना नाव-पत्ता कागदाच्या पट्टीने झाकावा.

ग्रंथालयात यासाठी एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या घरची पाकिटे पाठवावीत. सोबत ते पत्र कशाचे होते, एवढे दोन ओळींत लिहावे. आतापर्यंत सतरा आली आहेत. त्यांत तीन जातवैधतेची, एक परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रवेशाचे, आणि एक नुसतेच रिकामे. त्यावर पाठवणाऱ्या पालकाने पेन्सिलीने लिहिले आहे, "थोरलीची ऑर्डर".