विहीर सापडते, विहिरी सापडत नाहीत

जुन्या विहिरी आणि बारवांवर मी लिहिते. माझ्या नोंदी त्यामुळे कुठेही असायच्या: वह्यांत, लग्नपत्रिकांच्या पाठीवर, फोनमधल्या फोटोंत, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजांत. गावातले एखादे आजोबा पाणी उपसायच्या मोटेचे धाव, थारोळं, नाडा-सोंदूर हे भाग समजावून सांगू लागले की हाताला लागेल त्यावर लिहून घ्यायचं, हीच रीत. लेख लिहायला बसलं की निम्मा दिवस शोधाशोधीत जायचा. पीएचडी करणाऱ्या भाचीला हे बघवेना. तिने माझ्या लॅपटॉपवर ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप टाकून दिलं आणि म्हणाली, “मावशी, आधी लिहायला लाग. कप्पे नंतर कर.”

माझी अट एकच होती: लिहिलेलं माझ्याकडे राहिलं पाहिजे. एव्हरनोट या नोंदींच्याच दुसऱ्या ॲपने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली, ते वाचल्यापासून दुसऱ्याच्या माळ्यावर सामान ठेवायची माझी तयारी नव्हती. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे आपल्याच संगणकावरची साधी मजकुराची फाइल. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती नोटपॅडमध्ये उघडते. ठळक अक्षरं, मथळे यांच्यासाठी मार्कडाउन नावाच्या खुणा आहेत. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये त्या आणल्या. मथळ्याआधी एक हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, एवढ्यावर माझं भागतं. भाजीच्या यादीला गुगल कीप आहेच, त्यासाठी एवढा संसार नको.

नोंदी कशा ठेवाव्यात हे शोधणाऱ्या नवख्या माणसाला यूट्यूबवर पहिल्यांदा भेटतात ते निकलास लुमान. या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० टाचणं लिहून पेट्यांत ठेवली, प्रत्येकाला क्रमांक दिला, एका टाचणावरून दुसऱ्याकडे जायच्या वाटा करून ठेवल्या आणि त्या पेट्यांच्या जोरावर ढीगभर पुस्तकं लिहिली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्यांच्या पद्धतीवर तासातासाचे व्हिडिओ करणारे स्वतः काय लिहितात, याचं मला कुतूहल आहे. मी दोन व्हिडिओ पाहिले आणि थांबले.

पहिली नोंद केली लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीची. साताऱ्याजवळची ही विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. शिलालेखाचा फोटो चिकटवला, आतल्या छोट्या महालाबद्दल लिहिलं आणि ‘लिंब’ हा शब्द दुहेरी चौकोनी कंसांत घातला. त्यावर क्लिक केल्यावर त्या नावाची वेगळी नोंद तयार झाली आणि दोन्हींचा सांधा जुळला. पुढे दुसऱ्या कुठल्याही नोंदीत लिंब आलं आणि असेच कंस घातले की लिंबच्या नोंदीत तिचा उल्लेख आपोआप दिसतो. कागदावर मला हे कधीच जमलं नसतं.

खरी गंमत शोधताना आली. ‘विहीर’ टाइप केलं तर जिथे नेमकं ‘विहीर’ लिहिलंय तेवढ्याच नोंदी आल्या. ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’, ‘विहिरींचा’ सगळ्या गायब! यंत्र अक्षरं जुळवतं. दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व झाली की त्याच्या दृष्टीने तो निराळाच शब्द. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं अंग बदलतं आणि इंग्रजी व्हिडिओवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही. भाचीने उपाय काढला: नुसतं ‘विह’ शोध. सगळ्या विहिरी आल्या. सोबत लेण्यांमधले विहारही आले, पण तेवढं चालतं.

साताऱ्याने आणखी घोळ घातला. ‘साताऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच. फोनच्या कीबोर्डवरून केलेल्या नोंदी एका तऱ्हेच्या, लॅपटॉपवरच्या दुसऱ्या, त्यामुळे एक शोधलं की दुसऱ्या निसटत. तीच गत आकड्यांची: देवनागरी १७१९ शोधलं तर इंग्रजी आकड्यांतलं तेच साल येत नाही.

यावर मी एक गावठी नियम केला आहे. प्रत्येक नोंदीच्या तळाशी मूळ रूपांची एक ओळ लिहायची: विहीर, सातारा, शिलालेख, मोट. विभक्ती नाही, अनेकवचन नाही, साल नेहमी देवनागरीत. जोडणीच्या कंसांतही मूळ शब्द, मग उभी रेघ आणि रेघेपुढे वाक्यात हवं ते रूप. वाचताना फक्त ‘विहिरीची’ दिसतं. सुरुवातीला कंटाळा येतो. पण माझा शोध आता या ओळीवरच चालतो आणि जिल्हा, तालुका, गाव अशा फोल्डरांची उतरंड रचायची वेळ आलीच नाही.

वही सुटलेली नाही. विहिरीच्या काठावर, ऊन डोक्यावर असताना, समोर आजोबा बोलत असताना फोनवर टाइप करणं मला उद्धटपणाचं वाटतं, आणि फोन बाहेर आला की माणसं सावधही होतात. तिथे वहीच. घरी आल्यावर त्यातलं कामाचं तेवढं टाइप करते. निम्मं गळतं आणि ते गळलेलं बरंच असतं. जुन्या वह्या मात्र सरसकट उतरवून काढल्या नाहीत. लेखासाठी जी वही उघडावी लागते तिचीच पानं आत जातात.

तुम्ही यात नव्याने उतरणार असाल तर कुठलंही ॲप घ्या, पण त्यात मन रमण्याआधी दोन परीक्षा घ्या. मराठीत दहा-बारा ओळी लिहा आणि त्यातला विभक्ती लागलेला एखादा शब्द मूळ रूपाने शोधून बघा. मग सगळ्या नोंदी एकगठ्ठा बाहेर काढून साध्या फाइलींत उघडतात का ते पाहा. पहिल्या परीक्षेत बहुतेक ॲप अडखळतील, त्याला तळाच्या ओळीचा उतारा आहे. दुसऱ्या परीक्षेत जे नापास होईल ते त्याच दिवशी काढून टाका.