एकाच पत्त्यावरचे नऊजण

नवीन पनवेलच्या आमच्या टू बीएचकेमध्ये सध्या नेटला नऊ गोष्टी जोडलेल्या आहेत. दोन लॅपटॉप, एक म्हातारा डेस्कटॉप, चार मोबाईल, टीव्ही, आणि एक प्रिंटर (जो नेहमी चालू असतो, छापत मात्र कधीच नाही). आता गंमत बघा, बाहेरच्या जगाला यातलं काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो फक्त एक पत्ता, आणि त्या पत्त्यापुढे बिल भरणाऱ्याचं नाव. म्हणजे माझं.

हे नेहमीच असं नव्हतं. २००५ च्या आसपास घरोघरी ब्रॉडबँड यायला लागलं तेव्हाची गोष्ट आठवतेय का? सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच मुळी '२५६ केबीपीएस किंवा जास्त' अशी होती! (२०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. हसू नका.) टेलिफोनच्या वायरवर स्प्लिटर, त्यातून मोडेम, मोडेममधून एक केबल कॉम्प्युटरला. लावायला आलेला माणूस डेस्कटॉपवर एक आयकॉन बनवायचा, त्यावर डबल क्लिक करून दाखवायचा आणि "झालं साहेब" म्हणून निघायचा. दुसरा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर? "नाय साहेब, एकच चालतो."

हे अर्धसत्य होतं. त्याने मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकलेला असायचा, म्हणजे मोडेम नुसता पोस्टमन. लॉगिन करायचा तो कॉम्प्युटर, त्यामुळे पत्ता मिळायचा तोही त्या कॉम्प्युटरलाच. पण बऱ्याच मोडेमच्या पोटात राउटरही झोपलेला असायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, पीपीपीओई निवडायचं, युजरनेम-पासवर्ड तिथेच भरायचा, की मोडेम स्वतः लॉगिन करतो आणि घरातल्या सगळ्यांना आपल्या पदरात घेतो. मग लॅमिंग्टन रोडवरून पाच पोर्टचा स्विच आणायचा आणि केबल हॉलमधून बेडरूमपर्यंत न्यायची. त्यावर आईची एकच प्रतिक्रिया, "भिंतीला भोक पाडायचं नाही हं!" तेव्हा केबल गॅलरीच्या ग्रिलमधून फिरून गेली. असो.

आता आतमध्ये नक्की काय होतं? सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. समजा, पार्सलवर फक्त सोसायटीचं नाव आणि एक नंबर आहे, फ्लॅट नंबर नाहीच. वॉचमनकडे वही आहे. कुठल्या फ्लॅटने काय मागवलं आणि त्याला कुठला नंबर दिला, हे त्यात लिहिलंय. पार्सल आलं की वही बघून वर पाठवायचं. वहीत नोंद नसेल तर गेटवरूनच परत. राउटर हेच करतो. आतल्या १९२.१६८.१.३ ने काही मागितलं की तो पाकिटावरचा पत्ता खोडून स्वतःचा लिहितो, सोबत एक पोर्ट नंबर लावतो आणि वहीत टिपून ठेवतो. पोर्ट नंबर पासष्ट हजारांहून जास्त असतात, त्यामुळे आमच्या नऊजणांची भांडणं होत नाहीत.

या प्रकाराला नॅट म्हणतात. १९९४ मध्ये त्याचा मसुदा आला तो तात्पुरती सोय म्हणून, कारण इंटरनेटचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी आणि मागणी वाढत चाललेली. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा केंद्रीय साठा संपलासुद्धा. ही तात्पुरती सोय अजून चालूच आहे! आमच्या धंद्यातल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही.

इथवर सगळं छान. पण वॉचमनची वही फक्त आतल्यांसाठी असते, बाहेरच्याला ती दिसत नाही. हे किती महागात पडू शकतं ते आपल्याच हार्बर लाईनवर, सानपाड्याला, २००८ मध्ये दिसलं. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वाहिन्यांना एक ईमेल गेला होता. पोलिसांनी आयपी पत्ता शोधला आणि तो निघाला सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या कनेक्शनचा. त्याचं वायफाय असुरक्षित होतं, त्यात कुणीतरी बाहेरून शिरून मेल पाठवला होता. त्याचा कटाशी संबंध नाही हे पुढे स्पष्ट झालं, पण तोवर कॉम्प्युटर जप्त, चौकश्या आणि पेपरात रोज नाव. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या, त्यामागे अशीच प्रकरणं होती. त्या काळी नुसता पासवर्ड असूनही भागत नव्हतं, कारण वेप नावाचं जुनं कुलूप २००१ मध्येच फोडलं गेलं होतं आणि तरी कितीतरी राउटर तेच लावून बसले होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या दाराशी आलेल्या दोन मागण्या. पहिली समोरच्या काकांची. "अरे, आमचं नेट दोन दिवस बंद आहे, जरा पासवर्ड दे ना. मुलगी व्हिडिओ कॉल करते रात्री." दुसरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तीन मुलांची. "दादा, अर्धं बिल आम्ही देतो, तुमचंच कनेक्शन वापरू का?"

बायको म्हणाली, गेस्ट नेटवर्क देऊन टाक ना दोघांना, आहे काय त्यात! बरेचजण असंच समजतात. गेस्ट नेटवर्कमुळे पाहुण्याला माझा प्रिंटर दिसत नाही, माझा लॅपटॉप दिसत नाही, हे खरं. पण पाहुणा बाहेर पडतो तो माझ्याच दारातून, माझाच पत्ता लावून. गेस्ट नेटवर्क माझी मशिन्स वाचवतं, माझं नाव नाही.

हल्ली यात आणखी एक पीळ आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजा की कंपनीनेही वर एक मोठा वॉचमन बसवलाय आणि तुमच्यासारखी अनेक घरं एकाच पत्त्यावर आहेत. मग नुसत्या पत्त्यावरून घर सापडत नाही. पोर्ट नंबर आणि अचूक वेळ लागते. पण ते मिळालं की बोट शेवटी बिलावरच्या नावापाशीच येतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशिनला स्वतःचा पत्ता मिळतो, पण त्यांचा पुढचा अर्धा भाग घरभर सारखा असतो, म्हणजे घर पुन्हा तेच.

मी काकांना पासवर्ड दिला, गेस्टचा, आणि त्यांचं नेट आल्यावर बदलला. मुलांना नाही म्हणालो. काकांना वीस वर्षं ओळखतो, मुलांना चार महिने. शिवाय दोन फ्लॅटमध्ये कनेक्शन वाटणं सहसा कंपनीच्या करारातही बसत नाही. मुलं अतिशय सज्जन आहेत, लिफ्टमध्ये आईची पिशवी धरतात. हा भेदभाव आहे, मान्य. पण त्यांच्याकडे येणारे मित्र, मित्रांचे मित्र, त्या सगळ्यांसाठी सही करणारा मी, हे काही पटेना. थोरला जरा नाराज झाला. दोन दिवस जिन्यात मान फिरवून गेला.

परवा त्यांनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. माझ्या फोनच्या यादीत नवीन नाव दिसतंय, कंपनीने दिलेलं, जसंच्या तसं. पासवर्डही बहुतेक डब्याखालच्या स्टिकरवरचाच असणार, आणि ॲडमिनचा तर 'ॲडमिन'. थोरल्याला तसं म्हटलं तर म्हणाला, "दादा, मग तुम्हीच या ना करून द्यायला." उद्या अकराला जातोय. पोहे करणारेत म्हणे.