कॅम्पस : नांदूरघाट

‘एमपीएच’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. एमबीए माहीत असतं, एमसीए माहीत असतं, हे काय मधलंच? ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ असं पूर्ण नाव सांगितलं, की काका मंडळींचा ठरलेला प्रश्न, ‘म्हणजे सरकारी दवाखान्यात नोकरी का गं?’ तसं नाही हो काका. डॉक्टर एका पेशंटला तपासतो, आम्ही अख्ख्या गावाला. दोन वर्षांचा कोर्स, आणि तो करायला डॉक्टरच असावं लागतं असंही काही नाही. माझ्या बॅचला डेंटिस्ट होते, फिजिओथेरपीवाले होते, चक्क एक इंजिनीअरही होता. क्लासरूम, लॅपटॉप, कॅन्टीनचा कटिंग, असाइनमेंटच्या आदल्या रात्रीचं जागरण, सगळं तुमच्या एमबीएसारखंच. फक्त मधे फिल्डवर्क नावाचा एक प्रकार असतो. माझ्या वाट्याला आलं नांदूरघाट.

नकाशात शोधायला जरा वेळ लागला. बीड जिल्हा, केज तालुका. पुण्याहून निघायचं, जामखेड, मग सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा. तिथून सोलापूरच्या दिशेनं चौसाळ्यापर्यंत आणि मग आत. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा माथा. मांजरा नदी इथल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, आणि तरी अख्ख्या पट्ट्याची ओळख मात्र दुष्काळी! रस्त्यात पवनचक्क्या, सीताफळाची झाडं, ज्वारी-तुरीची रानं. जानेवारी होता, म्हणजे हुरड्याचा सीझन. पहिल्याच दिवशी गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी हातावर पडली आणि मनात म्हटलं, फिल्डवर्क असावं तर असं.

जामखेडला एसटी चहासाठी थांबली. आमच्या विषयाची ही पंढरीच म्हणा ना! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, वेल्लोरला शिकलेलं डॉक्टर जोडपं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन त्यांनी हीच पब्लिक हेल्थची पदवी घेतली आणि १९७० मध्ये येऊन बसले कुठे, तर जामखेडला. गावातल्या बायकांना, ज्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग, सगळ्यात या बायका पुढे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. ‘आशा’ ताई देशात आल्या २००५ नंतर. बंग पती-पत्नीही हॉपकिन्सचेच, १९८४ मध्ये हीच पदवी घेतली आणि पुढे गडचिरोली गाठली. थोडक्यात, या डिग्रीचा रस्ता बाल्टिमोरहून आडगावात जातो, ही आपल्याकडची जुनीच परंपरा आहे. आमच्या बॅचमधले बरेच जण मात्र उलट्या दिशेनं अर्ज भरत होते, तो भाग निराळा.

तर नांदूरघाट. सकाळी फॉर्म, पेन, पाण्याची बाटली घेऊन निघायचं. घरोघरी जायचं, माणसं किती, वयं किती, आजार कोणते. गावात आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवर फिरले. पहिलं दार, कुलूप. दुसरं, कुलूप. तिसऱ्या घरी आजी आणि दोन नातवंडं. चौथं पुन्हा कुलूप. आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी एक छोटासा रकाना असतो, ‘घर बंद’. तिथे टिक मारायची आणि पुढे सरकायचं.

आजींनी सांगितलं, ‘कोयत्याला गेलीत समदी.’

बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग सहा महिने ती फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. दोन माणसं, पण हिशेबात नग एकच! कारखान्याजवळ कोपी बांधायची, पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एक दिवस दांडी झाली की खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ च्या बातम्यांमध्ये हा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचं आलं होतं. मुलं काही बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीपाशी.

वर्गात आम्हाला पहिल्याच आठवड्यात जॉन स्नो शिकवतात. १८५४ मध्ये लंडनला कॉलऱ्याची साथ आली. या गृहस्थानं कोणत्या घरात किती मेले ते मोजलं आणि बोट ठेवलं ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपावर. एकदम फिल्मी स्टोरी आहे! पण स्नोची बहुतेक घरं आपापल्या जागी होती. इथे छेदच, म्हणजे शाळेतल्या अपूर्णांकातला खालचा आकडा, अर्ध्या वर्षासाठी ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जातो. नांदूरघाटच्या बाईचं रक्त कमी आहे की नाही, हे मोजायचं कुणी? तिच्या गावानं, की ती जिथे ऊस तोडते त्या गावानं? लसीकरणाचं, गरोदरपणाच्या तपासणीचं, सगळ्याचंच हे त्रांगडं.

दुसरी फेरी मे महिन्यात. कुलपं निघालेली, दारात बायका, पोरांचा कल्ला. गाव तेच, पण ओळखू येईना. यावेळी माझ्या फॉर्मवर एक प्रश्न होता, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा. इथे त्याला सोपा शब्द आहे, ‘पिशवी’. मावशींनी चुलीवर चहा ठेवता ठेवता सांगितलं, ‘काढली पिशवी. दोन लेकरं झाली, आपरेशन झालं, मग ठेवून काय करायची? महिन्याला चार दिस बसून राहिलं तर खाडा कोण भरणार? आन् फडात बाथरूम हाय व्हय?’

मावशी माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या होत्या. मावशी म्हणायची सवय, म्हणून म्हणत होते.

याची देशभर चर्चा झाली ती २०१९ मध्ये. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, तीन वर्षांत बीड जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचा आकडा होता ३.२ टक्के. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत एक नाहीत, त्यामुळे सरळ भागाकार करून ‘पाचपट’ अशी हेडलाइन देऊ नये, हे आमचं प्रशिक्षण. पण वयोगटानं एवढी मोठी दरी भरून निघेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि कारण शोधायला गेलं तर एकच पंप सापडत नाही. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणं, पाणी नाही, संडास नाही, अंगावरून पांढरं जाणं, कॅन्सरची भीती, सोपा उपाय म्हणून ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर, आणि ऑपरेशनचा खर्चही पुन्हा उचलीतूनच. बरं, पिशवी गेली की त्रास संपला असंही नाही. बीजाशय काढलं असेल तर पाळी जाण्याच्या वयातले त्रास तिशीतच सुरू होतात. कंबर, हाडं, घाम. मोळी मात्र तेवढीच जड.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणीचीही पद्धत सुरू झाली. कागदावर चांगलं आहे. खाडा मात्र दवाखान्यात नाही, फडात पडतो. तिथे परवानगी कोण मागणार?

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. पावसाळ्यात सौताड्याचा आणि कपिलधारचा धबधबा मस्त असतो. बीडला सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून रेल्वेही आली आहे. हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. माणसांना भेटायचं असेल तर मात्र मे महिन्यात जा, ऊन कडक असलं तरी. तेव्हा घरी असतात.